राणीला कळले असते तर

स्टीफन फ्रिअर्स यांच्या ‘व्हिक्टोरिया अँड अब्दुल’ या २०१७ मधील चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर एक ओळ उमटते. पुढील कथा सत्य घटनांवर आधारलेली आहे, असे ती सांगते आणि तिच्या पाठोपाठ ‘बहुतांशी’ असा एक शब्द येतो. प्रेक्षक हसतात, आणि दिग्दर्शकाला जी सवलत हवी असते ती त्या हसण्यातच देऊन टाकतात. ऐतिहासिक नाटकांवर व चित्रपटांवर जे वाद होतात ते बहुधा या ‘बहुतांशी’विषयीच होतात. अमुक प्रसंग घडला होता काय, तमुक व्यक्ती खरोखर तशी बोलली होती काय, याची चिकित्सा चालते. ती व्हावयास हवी, यात शंका नाही. परंतु तपशिलाची चूक दाखवून देता येते आणि सुधारताही येते. कथानकाच्या बांधणीतच जे गृहीत धरलेले असते, ते मात्र एकही तारीख न चुकवता प्रेक्षकाच्या मनात उतरते आणि तेथे ठाण मांडून बसते. या चित्रपटाचा विचार त्या दृष्टीने करावयास हवा.

मूळ इतिहास थोडक्यात असा. १८८७ हे व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीचे सुवर्णमहोत्सवी वर्ष. त्या निमित्ताने आग्र्याच्या तुरुंगात कारकुनी करणारा चोवीस वर्षांचा अब्दुल करीम आणि महंमद बक्ष असे दोन हिंदी सेवक इंग्लंडला पाठविण्यात आले. जून महिन्यात त्यांनी राणीला प्रथम न्याहारी वाढली. उन्हाळा संपण्यापूर्वीच राणी अब्दुलकडून हिंदुस्थानी भाषेचे धडे गिरवू लागली होती. कारकुनाला वाढप्याचे काम करावे लागते, याचा अब्दुलला विषाद वाटत होता. त्याने तो बोलून दाखविला आणि १८८८ मध्ये तो राणीचा ‘मुन्शी’ झाला. पुढे त्याला आग्र्यानजीक जमीन मिळाली, १८९५ मध्ये ‘सी. आय. ई.’ हा किताब मिळाला आणि २२ जानेवारी १९०१ रोजी राणी निवर्तली तोपर्यंत तो तिच्या अगदी निकट राहिला. सातव्या एडवर्डने गादीवर येताच त्याच्याजवळील राणीची पत्रे जाळावयास लावली व त्याला मायदेशी धाडले. १९०९ मध्ये तो आग्र्यास वारला. श्राबणी बसू यांनी हा वृत्तान्त ग्रंथरूपाने मांडला आणि ली हॉल यांनी त्यावरून पटकथा रचली.

तीन चित्रपट, एक साचा

साडेतेरा वर्षांचा हा काळ सुमारे दोन तासांत बसवावयाचा, तर त्याला काही एक सांगाडा हवा. पटकथाकाराने जो सांगाडा निवडला आहे तो प्रेमकथेचा आहे. भेट, जवळीक, गुपिताचा स्फोट, ताटातूट, पुनर्मीलन आणि मृत्यू या त्याच्या पायऱ्या होत. मेजवानीच्या प्रसंगी राणी पेंगत बसलेली आहे. तिचे खाणे संपताच सर्वांच्या पुढची ताटे उचलली जातात. अशा त्या निर्जीव समारंभात, राणीकडे पाहावयाचे नाही अशी ताकीद मिळालेला अब्दुल तिच्याकडे पाहतो आणि नजरानजर होते. पुढे धडे, सहली, आंब्याची फर्माईश. मग १८५७ च्या उठावाविषयी त्याने सांगितलेली हकीगत एकांगी होती असे उघडकीस येते. राणीची दरबारात शोभा होते आणि ती त्याला निघून जाण्यास सांगते. लगेच पश्चात्ताप पावून ती त्याला थांबवूनही घेते. त्यानंतर दरबाऱ्यांचे बंड, राणीचा मृत्यू आणि पत्रांची होळी. बांधणी रेखीव आहे, प्रसंगांना गती आहे आणि ज्यूडी डेंच यांच्या अभिनयाने तिच्यात प्राण ओतला आहे, हे मान्य करावयास हवे.

राजा आणि परका मित्र यांच्या कथांचा हा साचा नवा नाही. याच अभिनेत्रीने याच राणीची भूमिका १९९७ मधील ‘मिसेस ब्राऊन’ या चित्रपटात केली होती. तेथे विधवा राणी आणि तिचा स्कॉटिश सेवक जॉन ब्राऊन यांची जवळीक हा विषय होता. २०१० मधील ‘द किंग्ज स्पीच’मध्ये बोलताना अडखळणारा सहावा जॉर्ज आणि त्याला वाचेचे धडे देणारा ऑस्ट्रेलियन गृहस्थ लायनेल लोग यांची मैत्री होती. तिन्ही ठिकाणी सिंहासनावरची व्यक्ती एकाकी आहे. तिन्ही ठिकाणी बाहेरचा सामान्य माणूस शिष्टाचार मोडून तिच्याजवळ पोचतो. आणि तिन्ही ठिकाणी मधले लोक वाट अडवितात.

साचा एकच असला तरी त्यात ओतलेला ऐवज एकसारखा नाही. ‘द किंग्ज स्पीच’मध्ये लोग पहिल्याच भेटीत बरोबरीच्या नात्याचा आग्रह धरतो, शिलिंगभराची पैज लावतो आणि पुढे तंटा होऊन मने दुरावल्यावर राजाला त्याच्या दारी येऊन ती शिलिंग चुकती करावी लागते. शिलिंग क्षुल्लक आहे. परंतु दोघांमध्ये देणेघेणे आहे आणि ते फिटले पाहिजे, हे तत्त्व क्षुल्लक नाही. शिवाय मैत्रीचे फलित ३ सप्टेंबर १९३९ च्या भाषणात सर्वांसमोर कसाला लागते. ‘मिसेस ब्राऊन’मध्येही राणीने पुन्हा लोकांसमोर यावे म्हणून ब्राऊन स्वतःच्या जवळिकीवर पाणी सोडतो. दोन्ही कथांत नाते बदलते आणि त्या बदलाची किंमत दोन्ही बाजूंना मोजावी लागते.

‘व्हिक्टोरिया अँड अब्दुल’मध्ये मात्र बदलते ती फक्त राणी. ती मरगळलेली होती, ती टवटवीत होते. अब्दुल पहिल्या अंकात तिच्या पायाचे चुंबन घेतो आणि शेवटच्या दृश्यात आग्र्यातील तिच्या पुतळ्याच्या पायाचे चुंबन घेतो. या दोन चुंबनांच्या मध्ये त्याच्या मनात काय चालले होते, याचा पटकथा फारसा शोध घेत नाही. वाढप्याच्या कामाने दुखावलेला तो आग्र्याचा कारकून, हुद्द्यासाठी धडपडणारा, वडिलांचे पद फुगवून सांगणारा, नातलगांची सोय लावणारा हा माणूस इतिहासात चांगलाच गुंतागुंतीचा आहे. पडद्यावर तो बहुतेक वेळ प्रसन्न मुद्रेने उभा असतो.

वाट कोण अडविते?

कोणत्याही नाटकात प्रतिपक्ष कोण हे ठरले की प्रेक्षकाने कोणता प्रश्न विचारावयाचा हेही ठरून जाते. या चित्रपटात प्रतिपक्ष आहे राणीचा खासगी कारभार पाहणाऱ्या मंडळींचा. सचिव, डॉक्टर, सरदार-स्त्रिया, युवराज आणि पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी हे सारे अब्दुलचा द्वेष करतात. हा द्वेष काल्पनिक नव्हे. १८९७ च्या वसंतात मुन्शीला फ्रान्सच्या सहलीत बरोबर नेण्यावरून या मंडळींनी राजीनाम्याची धमकी दिली होती. चित्रपटाने तोच पेच अब्दुलला ‘सर’ करण्याच्या प्रश्नावर आणून ठेवला आहे. सॅलिसबरीने तर १८८८ मध्ये एडिंबरो येथील जाहीर भाषणात दादाभाई नौरोजींच्या निवडणुकीसंबंधी बोलताना ‘काळा माणूस’ अशी त्यांची संभावना केली होती. तेव्हा दरबारातील वर्णद्वेषाचे चित्रण अतिरंजित आहे, असे म्हणण्याचे कारण नाही.

प्रश्न निराळा आहे. वर्णद्वेषाचे सारे माप नोकरांच्या पदरात टाकले की मालकीण आपोआप निर्दोष ठरते. साम्राज्य हा काही माणसांच्या उद्धटपणाचा विषय होऊन बसतो. ती माणसे थोडी सुसंस्कृत असती, किंवा राणीने त्यांना वेळीच दटावले असते, तर सारे सुरळीत चालले असते, असा ग्रह प्रेक्षक घेऊन उठतो. राणी चांगली, मधले लोक वाईट: कथानकाचा सारा भार या एका खांबावर उभा आहे.

या देशाच्या राजकारणाचा इतिहास जाणणाऱ्याला हा खांब ओळखीचा वाटेल. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात वंश वा धर्म न पाहता पात्र प्रजाजनांना सरकारी नोकऱ्या देण्याचे आश्वासन होते. काँग्रेसच्या पहिल्या पिढीने या आश्वासनाचा आधार घेऊन नोकरशाहीशी वाद घातला. राणीचा शब्द एक आणि तिच्या अधिकाऱ्यांची कृती दुसरी, हा त्या वादाचा सूर होता. १८८८ मध्ये, म्हणजे अब्दुल मुन्शी झाला त्याच साली, राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी पुण्यात झालेल्या समारंभात जोतीराव फुले शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात गेले. येथे जमलेले दागदागिने घातलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खऱ्या रयतेची स्थिती आपल्या मातोश्रींच्या कानी घाला, अशा आशयाचे त्यांनी ड्यूकला सुनावले. ज्याचा आवाज मधल्या सर्व पायऱ्यांवर अडतो त्याने थेट वरच्या कानाचा शोध घ्यावा, हे स्वाभाविकच होते.

अब्दुल करीमची कथा या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. हजारो मैलांवरून अर्जविनंत्या करणाऱ्यांना जे साधले नाही ते त्याला साधले. एक हिंदी माणूस खरोखरच राणीच्या कानाशी जाऊन बसला, आणि एकदोन दिवस नव्हे, साडेतेरा वर्षे बसला. राणीला कळले असते तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने जणू प्रयोग करून दाखविले आहे.

प्रयोगाचे फलित

त्या प्रयोगात काय निष्पन्न झाले? राणी उर्दू लिहू लागली. राजवाड्यात हिंदी पद्धतीचा रस्सा शिजू लागला. ऑस्बर्न येथील वाड्यात लाहोरच्या भाई रामसिंग यांच्या हातून भव्य दरबार दालन सजले. मुन्शीला जमीन मिळाली आणि किताब मिळाले. राणीने व्हाइसरॉयांना काही पत्रेही लिहिली. तिची आस्था खोटी होती, असे म्हणता येणार नाही.

परंतु याच काळातील दुसरी जमाखर्चाची बाजू पाहावी. हिंदुस्थानच्या तिजोरीतून इंग्लंडमध्ये होणारा खर्च, म्हणजे ‘होम चार्जेस’, शतकाच्या अखेरीस वर्षाकाठी दीड कोटी पौंडांच्या वर होता. कर्जावरील व्याज, रेल्वेच्या हमीची रक्कम, अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, लष्कराचा व इंडिया ऑफिसचा खर्च यांचा त्यात समावेश होता. सनदी नोकरीची परीक्षा केवळ लंडनमध्ये होत असे. ती हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी, असा ठराव १८९३ मध्ये पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात संमत झाला. दादाभाई त्या वेळी त्या सभागृहाचे सदस्य होते. तरीही तो ठराव अमलात आला नाही. ज्या वर्षांत एक हिंदी कारकून राणीचा शिक्षक म्हणून वावरत होता, त्याच वर्षांत त्याच्या देशातील पदवीधरांना वरच्या नोकऱ्यांची दारे बहुतांशी बंदच राहिली.

याचे कारण राणीच्या अंतःकरणात शोधणे व्यर्थ होय. हे निर्णय तिच्या दिवाणखान्यात होतच नव्हते. ते मंत्रिमंडळात, इंडिया ऑफिसात, लंडनच्या नाणेबाजारात आणि कलकत्त्याच्या सचिवालयात होत होते. तेथे कोणाचे कोणावर प्रेम आहे, याला फारसे महत्त्व नव्हते. म्हणून मैत्रीच्या कथानकात साम्राज्य मावत नाही; ते माववावयाचे झाले तर त्याचा आकार दिवाणखान्याएवढा करावा लागतो. चित्रपटाने नेमके तेच केले आहे.

१८९७ मधील दुसरे कथानक

कथानकाचा कळस १८९७ च्या सुमाराचा आहे. हे राणीच्या हीरकमहोत्सवाचे वर्ष. याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले लंडनमध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देत होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या या आयोगावर दादाभाई सदस्य होते. दरबारी मंडळी एका हिंदी माणसाला सहलीतून वगळण्यासाठी हट्टाला पेटली होती, त्याच वसंतात एकतिशीच्या आतला एक हिंदी प्राध्यापक त्याच देशात बसून साम्राज्याचा हिशेब आकड्यांनिशी तपासत होता. नाट्य कोणत्या प्रसंगात अधिक आहे, हे ठरविणे कठीण नाही.

त्या वर्षी हिंदुस्थानचा मोठा भाग दुष्काळाने होरपळलेला होता आणि मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. २२ जून १८९७ रोजी लंडनमध्ये हीरकमहोत्सवाची मिरवणूक निघाली. त्याच दिवशी रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर, गव्हर्नरच्या बंगल्यातील महोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. प्लेगच्या बंदोबस्तात झालेल्या जुलमाचा तो सूड होता. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड काही दिवसांनी मरण पावला. त्यानंतर टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. एकाच राणीच्या एकाच उत्सवाचे हे दोन देखावे होत. एक पडद्यावर आला, दुसरा आला नाही. दोन तासांच्या चित्रपटात सर्व काही यावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु दुसऱ्या देखाव्याची सावलीदेखील पहिल्यावर पडू नये, अशी बांधणी करणे ही निवडच होय.

विशेष म्हणजे ती सावली पाडण्याचे साधन पटकथेच्या हाती होते. अब्दुलबरोबर आलेला महंमद हे चित्रपटातील सर्वांत बोलके पात्र आहे. त्याला थंडी सोसत नाही, घरची ओढ लागलेली आहे, आणि या सोहळ्याचा खरा अर्थ त्याला पहिल्या दिवसापासून उमगलेला आहे. युवराज त्याच्याकडून अब्दुलविरुद्ध माहिती काढू पाहतो. तेव्हा तो ती देण्यास नकार देतो आणि राज्यकर्त्यांनाच खडे बोल ऐकवितो. अदील अख्तर यांनी हा प्रसंग मनःपूर्वक रंगविला आहे. पण पटकथा त्याला अर्ध्या वाटेत मारून टाकते आणि राणी व अब्दुल यांच्या स्नेहावर त्या मृत्यूचा ओरखडाही उठू देत नाही. ज्या मैत्रीपायी एक जण परत जाऊ शकला नाही, तिचा हिशेब विचारणारे कोणी कथेत उरत नाही. चित्रपटातील खरा दोष कोठे असेल तर तो येथे आहे.

यावर असे म्हटले जाईल की, चित्रपट ही करमणूक आहे. तिच्यावर अर्थशास्त्राचे ओझे लादू नये. शिवाय ज्याची कागदपत्रे राजाज्ञेने जाळली गेली त्या माणसाला चित्रपटाने लाखो लोकांपुढे पुन्हा उभे केले, हे श्रेय मोठे नव्हे काय? ते श्रेय निःसंशय मोठे आहे. वृद्ध राणीने आपल्या माणसांच्या वर्णद्वेषाला दाद दिली नाही, ही गोष्टही आदराने नोंदविण्यासारखी आहे. परंतु करमणूक आणि सत्तेचे भान यांचे हाडवैर आहे, असे मानण्याचे कारण नाही. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये रंगभूमीवर आले. तेथेही उत्तरेतून आलेला एक परका माणूस सत्ताधाऱ्याच्या मर्जीने वर चढतो. नाच-गाण्याने ते नाटक भरलेले आहे. पण त्याच्या बांधणीत नाना आणि घाशीराम यांच्यातील व्यवहार पहिल्यापासून उघड असतो, आणि शेवटी जमावाच्या हाती कोण सापडतो व कोण सहीसलामत राहतो हे प्रेक्षकाला स्वच्छ दिसते. वाद झाला तो नानांच्या चित्रणावर. नाटकाचे सामर्थ्य मात्र सत्तेचा हिशेब मिटवून न टाकणाऱ्या त्या बांधणीत होते.

‘व्हिक्टोरिया अँड अब्दुल’ संपतो तो पुतळ्याच्या पायाशी. ताजमहालाच्या परिसरात अब्दुल राणीच्या पुतळ्यापुढे वाकतो आणि प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. राणीचा असाच एक संगमरवरी पुतळा मुंबईत होता. आता तो भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी रात्री त्याला डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. चापेकरांचे सनातनी विचार आज कोणी स्वीकारावेत असे नाही. तसेच अब्दुलची कृतज्ञता खोटी मानण्याचेही कारण नाही. पण त्या काळचा हिंदुस्थान समजावून घ्यावयाचा तर हे दोन्ही पुतळे एकदम डोळ्यांपुढे असावे लागतात.

इतिहास शिकविणाऱ्या आणि शिकणाऱ्या पिढीपुढे पाठ्यपुस्तकाआधी चित्रपट येतो, ही आजची वस्तुस्थिती आहे. तिच्याविषयी खंत करीत बसण्यापेक्षा वर्गात एक साधा प्रश्न विचारण्याची सवय लावणे अधिक उपयुक्त ठरेल. ही मैत्री झाली नसती तर कोणाचे काय बिघडले असते? राणीची अखेरची वर्षे अधिक एकाकी गेली असती आणि आग्र्याचा एक कारकून कारकूनच राहिला असता. दोन माणसांच्या आयुष्यात ही गोष्ट लहान नव्हे. पण दुष्काळ, प्लेग, होम चार्जेस आणि लंडनची ती परीक्षा यांत तिळमात्र फरक पडला नसता. दादाभाईंचा हिंदी दारिद्र्यावरील मोठा इंग्रजी ग्रंथ १९०१ मध्ये, म्हणजे राणीच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातच त्यांनी इंग्रजी राज्यकारभाराला इंग्रजांच्या तत्त्वांशी विसंगत म्हटले होते. कोणाच्या कानाशी जाऊन कुजबुजण्याऐवजी त्यांनी सारा हिशेब लोकांसमोर मांडला. राणीला कळण्याची वाट पाहणे पुढील पिढीने सोडून दिले, याचे श्रेय अशा हिशेबांना आहे.